उपग्रहाला उंदीर दिसतो का?

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या भागात गुडघाभर पाणी साचले की लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस या उंदरांमुळे पसरणाऱ्या तापापासून) सावध राहण्याचे आवाहन महापालिका करते. प्राण्यांपासून पसरणाऱ्या रोगांच्या साथीचा अंदाज उपग्रहांच्या साहाय्याने आधीच बांधता येतो, असे वाचनात आले. मग मुंबईत तसे का करता येऊ नये? – एक वाचक, कुर्ला

उत्तर : उपग्रहाला उंदीर दिसत नाही, डासही दिसत नाही. त्याला दिसते ते साचलेले पाणी, जमिनीचे तापमान, हिरवाई आणि समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता. रोगवाहक जीवाची पैदास ज्या ठिकाणी प्रामुख्याने याच गोष्टींवर ठरते, तेथे अंदाज खरा ठरण्याची शक्यता अधिक असते.

पूर्व आफ्रिकेतील रिफ्ट व्हॅली ज्वर हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. त्याच्या विषाणूची बाधा शेळ्यामेंढ्यांना व गाईगुरांना होते आणि तो डासांमार्फत किंवा बाधित जनावराच्या रक्तामांसाच्या संपर्कातून माणसात येतो. एडिस जातीच्या काही डासांच्या अंड्यांतच तो असतो व ती अंडी उथळ खळग्यांच्या कोरड्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. अतिवृष्टीने खळगे भरले की ती एकदम उबतात. एल निनोच्या (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या) काळात पश्चिम हिंदी महासागरही तापला, तर तेथे असा पाऊस होण्याची शक्यता वाढते आणि पाठोपाठ माळरान नेहमीपेक्षा हिरवे झालेले उपग्रहाला टिपता येते. या खुणांवरून नासाच्या व अन्य शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये साथीच्या २ ते ६ आठवडे आधी इशारा दिला होता. तरीही केनिया, सोमालिया व टांझानियात मिळून ३००हून अधिक माणसे दगावली, कारण साथ सुरू झाल्यावर जनावरांना लस देऊन फारसे साधत नाही आणि तेवढ्या अवधीत लस गावोगावी पोहोचवणे सोपे नव्हते.

मुंबईचे गणित वेगळे आहे. येथे ऐन पावसाळ्यात आकाश ढगांनी झाकलेले असते, त्यामुळे साध्या प्रतिमा निरुपयोगी ठरतात. रडार उपग्रहाला ढगांपलीकडचे दिसते खरे, पण दाटीवाटीच्या इमारतींच्या भिंतींवरून त्याचे तरंग असे परावर्तित होतात की गल्लीतले पाणी वेगळे ओळखणे कठीण जाते. शिवाय असा उपग्रह त्याच जागेवर काही दिवसांनी परततो आणि आपल्याकडचे पाणी बहुधा काही तासांत ओसरते. म्हणून कुर्ल्यासाठी जवळचे पर्जन्यमापक, भरतीचे वेळापत्रक आणि पाणी कोठे साचले याच्या नोंदी मला अधिक भरवशाच्या वाटतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर लेप्टोचे रुग्ण वाढले. तो धोका ओळखायला उपग्रहाची गरज नव्हती.

उपग्रहाचा उपयोग सिंधुदुर्गात अधिक होईल. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडांमार्फत पसरतो आणि २०१६ पासून दोडामार्ग परिसरात त्याचे रुग्ण आढळले आहेत. जंगल कोठे तुटले आणि काजूच्या बागा त्याला कोठे भिडल्या, हे वरून नीट दिसते; अशाच जागी माणसांचा गोचिडांशी संबंध येतो, म्हणून त्यावरून कोणत्या गावांत लक्ष ठेवायचे, हे ठरवता येते.

आपल्यापुरते सांगायचे, तर बाधित उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू त्वचेवरील जखमांतून शरीरात शिरतात आणि लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्यावे.