‘होम’ म्हणजे आधी गाव, मग घर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ‘होम’ आणि ‘हाउस’ यांत खरा फरक काय, ‘गो टू होम’ का चुकतं, आणि या होमचा आपल्या होमहवनाशी काही संबंध आहे का.

शेवटचं आधी निकालात काढू. संबंध नाही. आपला होम ‘हु’ धातूतून आला, आहुती देणे या अर्थाच्या. इंग्रजी शब्द हजार वर्षांपूर्वी होम नव्हताच, ‘हाम’ होता. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडातल्या बोलीत दीर्घ आ-चा ओ होत गेला: स्टान-चा स्टोन, बान-चा बोन, तसा हाम-चा होम. स्कॉटलंडकडे हा बदल झाला नाही, म्हणून तिथे अजून ‘हेम’ म्हणतात. म्हणजे ज्या ध्वनिसाम्यावर हा तर्क उभा आहे, ते साम्यच मागाहून आलेलं.

आता अर्थ. ‘हाम’ म्हणजे चार भिंती नव्हेत. वस्ती, गाव, जमीनजुमला. गॉथिक या इंग्रजीच्या जुन्या, आता लोपलेल्या नात्यातल्या भाषेत ‘हाइम्स’चा अर्थ सरळ ‘खेडं’ असा आहे, आणि जुन्या नॉर्समधला (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) ‘हेइम्र’ तर ‘जग’ या अर्थापर्यंत पोचतो. इमारतीसाठी ‘हूस’ हा वेगळा शब्द होता, त्याचं झालं हाउस. (हजबंड हा शब्द याच हूसवरून, नॉर्समार्गे आलेला: घर सांभाळणारा, आपल्या गृहस्थाच्या जवळचा.) म्हणून हाउस बांधता येतं, मोजता येतं, पाडता येतं. होम म्हणजे आपण जिथले, ती जागा. मुंबईत ‘तुमचं गाव कुठलं?’ असं विचारतात ना, त्याचं चांगलं इंग्रजी ‘व्हेअर इज होम?’ असं होईल. तिथे ‘व्हिलेज’ घातलं की अर्थ बिघडतो. बिल्डर मंडळी जाहिरातीत सर्रास होम विकतात, पण ते जाहिरातीचं इंग्रजी.

गावांच्या नावांत तो जुना अर्थ अजून शाबूत आहे. बर्मिंगहॅम म्हणजे बेओर्माच्या लोकांची वस्ती. नॉटिंगहॅमचं मूळ रूप ‘स्नोटिंगाहाम’, स्नोट नावाच्या माणसाच्या लोकांचं गाव. फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांच्या अमलात पहिला स गळाला, ते बरंच झालं म्हणायचं (इंग्रजीत ‘स्नॉट’ म्हणजे शेंबूड). शेवटच्या अक्षरावर आघात नसल्यामुळे इथे आ-चा ओ झाला नाही, उलट स्वर आखूड झाला. इंग्रज ‘बर्मिंगम’ म्हणतात, ह जवळजवळ गिळून. पण प्रत्येक ‘हॅम’ला होम समजू नका. ‘हम्म’ असा दुसराच एक शब्द होता, नदीच्या वळणातली किंवा दलदलीने वेढलेली जमीन या अर्थाचा. लंडनची ईस्ट हॅम आणि वेस्ट हॅम ही नावं त्यातली. डरॅममध्ये (लिहिताना Durham) तर दोन्ही नाहीत. तिथे टेकडी आणि बेट असे दोन शब्द जोडलेत. नावाची सर्वांत जुनी नोंद पाहिल्याशिवाय व्युत्पत्ती ठोकून देऊ नये.

‘गो टू होम’ का चुकतं, हे मराठी माणसाला खरं तर सोपं जावं. आपण ‘घराला जातो’ म्हणत नाही, ‘घरी जातो’ म्हणतो. घरी, गावी, माहेरी, सासरी यांत जुनी सप्तमी गोठून राहिली आहे. ‘दुकानी जातो’ कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही तेच घडलं. जुन्या इंग्रजीत गती दाखवायला ‘हाम’ची द्वितीया पुरेशी होती, शब्दयोगी काही लागत नसे. विभक्ती गेल्या, पण या एका शब्दाची सवय टिकली. म्हणून गो होम, कम होम, टेक मी होम. मात्र आधी ‘माय’ किंवा ‘हिज’ लागलं की होम साधं नाम होतं आणि टू परत येतो: ‘ही केम टू माय होम’. स्थिती सांगायची तर ‘अॅट होम’. ‘आय अॅम होम’ हे दारातून आत येताना म्हणायचं, ‘आलो मी’ या अर्थी. खिळा डोक्यापर्यंत ठोकणं म्हणजे ‘ड्राइव्ह होम’, तोही याच क्रियाविशेषणाचा वापर. बोलणं वर्मी बसलं तर ‘हिट होम’.

एक शब्द मात्र जपून वापरा: होमली. आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिरातीत तो ‘घरगुती वळणाची’ अशा अर्थी येतो. ब्रिटनमध्ये ‘होमली’ म्हणजे ऊबदार, साधंसुधं, आणि तेही बहुधा जागेबद्दल. अमेरिकेत एखाद्या मुलीला होमली म्हणालात तर ‘दिसायला बेताची’ असा अर्थ होतो. परदेशातल्या स्थळाला पाठवायच्या माहितीतून तो काढूनच टाका.

राज्यकारभारात होम म्हणजे ‘परराष्ट्र नव्हे ते’. ब्रिटनमध्ये 1782 साली होम आणि फॉरेन अशी खाती वेगळी झाली. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानच्या तिजोरीतून इंग्लंडात होणाऱ्या खर्चाला ‘होम चार्जेस’ म्हणत. पैसा इथला, होम त्यांचं. टिळकांनी 1916 मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली, तेव्हाचं होम आयर्लंडच्या चळवळीतून आलेलं, आणि मराठीत त्याला ‘स्वराज्य’ म्हटलं गेलं, गृहराज्य नव्हे. खात्याच्या बाबतीत मात्र शब्दशः भाषांतर झालं. म्हणून आपल्या गृहखात्याकडे पोलीस आहेत, आणि घरांसाठी गृहनिर्माण खातं वेगळं काढावं लागलं.