साक्ष द्यायला काहीच नसलं तर?

‘‘मॅडम, मी रोज प्रार्थना करतो, पण वरतं कोणी ऐकूनच नाही राह्यलं असं वाटते. माया विश्वासच खोटा असन काय?’’

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला यवतमाळकडच्या ख्रिस्ती घरांतून इतक्यांदा आला आहे, की आता तोंड उघडण्याआधीच ओळखू येतो. विचारणारे बहुतेक कपाशीवाले. बोंडअळी, भाव, सोसायटीचं कर्ज हे सगळं ते सांगतात, पण दुय्यम म्हणून. खरी टोचणी वेगळीच असते: एवढं देवाचं करून मन काळंच राहतं, म्हणजे खोट माझ्यातच. शेतीचं दुःख त्यांना पेलतं, ही शरम पेलत नाही.

त्यातल्या एका भाऊंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चार एकर कोरडवाहू, कपाशीत तुरीचं तास. चर्चच्या मंडळीत तबला वाजवायचे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्यांच्या हाताखालून इतकी गेली होती, की पुस्तक लागत नसे. आणि मग त्यांनी रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाणंच सोडलं. बायको त्यांना घेऊन आली ती ‘हे जेवत नाहीत’ म्हणून.

‘‘देवळात का जात नाही, भाऊ?’’

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘साक्ष द्या लागते ना. सारे उठून सांगतात, प्रभूनं हे केलं, प्रभूनं ते केलं. मी काय सांगू? बोंडं फोडून पाह्यलं तं आत अळी, हे सांगू?’’

मी सरळ विचारलं, ‘‘जीव द्यायचा विचार येतो का?’’ असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात घुसतो, हा मोठा गैरसमज आहे. विचारलं की माणूस मोकळा होतो. ते म्हणाले, ‘‘येते. फवारणीचं औषध कोठ्यातच हाय.’’ त्या दिवशी श्रद्धेचा विषय मी काढलाच नाही. औषधाचा डबा संध्याकाळपर्यंत घराबाहेर जाईल, ते एकटे राहणार नाहीत आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवतील, एवढंच पक्कं केलं. (रात्री-बेरात्री असं वाटलं तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

गोळ्यांवरून पुढच्या वेळी वाद झालाच. ‘‘गोळी घेतली म्हंजे देवावर भरोसा नाही असं नाही का होत?’’ मी त्यांना बायबलातल्या एलीयाची आठवण करून दिली. एवढा मोठा संदेष्टा रानात झुडपाखाली बसून ‘पुरे आता, माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवदूतानं प्रवचन नाही दिलं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं आणि खायला उठवलं. तो खाऊन-पिऊन परत झोपला, तर देवदूतानं झोपूही दिलं. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, हेही सांगितलं. भाऊ थोडे हसले. गोळ्या सुरू झाल्या. झोप यायला लागली, आणि झोप आल्याशिवाय माझ्याकडच्या कुठल्याच बोलण्याला अर्थ नसतो, हे माझं ठाम मत आहे.

पण टोचणी होतीच. एक दिवस मी त्यांच्यापुढे बायबलातलं ८८वं स्तोत्र उघडून ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. ते सवयीनं, भजनाच्या लयीत वाचायला लागले. मग वेग कमी झाला. तू मला खोल गर्तेत टाकलंस, माझ्या ओळखीची माणसं तू तोडलीस, तू तोंड का लपवतोस... शेवटच्या ओळीत नुसता अंधार. त्यांनी पान उलटलं. पुढे ८९वं सुरू झालं होतं. परत मागे आले, बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं.

‘‘पुढं चांगलं काहीच नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘अन् हे बायबलात ठेवलं?’’

‘‘ठेवलं.’’

‘‘मंग मी रात्री बाजेवर पडून जे बोलतो... थे बी प्रार्थनाच झाली?’’

मी उत्तर दिलं नाही. ते माझ्या तोंडून आलं असतं तर आणखी एक उपदेश झाला असता. भाऊ रडले, चांगले मोकळे रडले. बायकोनं पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

इतक्या वर्षांच्या कामातून मला जे कळलं ते हेच. निराश माणसाला आशा वरून घालता येत नाही. त्याच्या तक्रारीला आधी जागा द्यावी लागते. ख्रिस्ती श्रद्धेत ती जागा मुळातच आहे, आपण तिच्यावरून घाईनं जातो. दर गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर बोललं जातं. चौथ्यात येशू स्वतः विचारतो, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तोही एका स्तोत्राचाच शब्द. देवाशी भांडणारा माणूस देवाला सोडून गेलेला नसतो. भांडायलाही समोर कुणी आहे असं वाटावं लागतं.

घरच्यांना आणि पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, माझी विनंती: ‘विश्वास वाढवा’ हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा. बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. कारणमीमांसा सुरू केली आणि बिघडलं. शेवटी देवानं तक्रार करणाऱ्या ईयोबाचीच बाजू घेतली. तुम्ही जेवायला बोलवा, फवारणीला सोबत जा, बँकेत बरोबर उभे राहा. आणि ज्याला साक्ष द्यायची नाही त्याला तबला वाजवू द्या.

भाऊंचं कर्ज फिटलेलं नाही. वाईट दिवस अजून येतात, गोळ्या चालू आहेत. पण ते तबल्यावर परत बसले. मग एका रविवारी साक्षीच्या वेळी आपणहून उठले, ८८वं स्तोत्र सगळं वाचलं आणि ‘‘माई साक्ष एवढीच’’ म्हणून खाली बसले. पाळकांना पुढे काय बोलावं सुचेना म्हणे. त्यानंतर त्या मंडळीतून माझ्याकडे येणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि मला ते आवडतं.