घासणीचा खोका

प्रिय पोरी,

चित्रं सोडू की तत्त्वज्ञानाचं एम. ए. सोडू, हे तू मला तिसऱ्यांदा विचारते आहेस. आज उत्तर देत नाही, आर्थर डँटोबद्दल सांगतो.

डेट्रॉइटमध्ये वाढलेला हा माणूस. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचा आणि जोडीला वुडकट, म्हणजे लाकूड कोरून काढलेले छापे, करायचा. त्याचे छापे प्रदर्शनांत लागायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने कोरणी खाली ठेवली, ती कायमची.

मग एप्रिल १९६४. मॅनहॅटनमधल्या स्टेबल गॅलरीत अँडी वॉरहॉल या चित्रकाराने ब्रिलोचे खोके रचून ठेवले होते. ब्रिलो म्हणजे साबण भरलेली तारेची घासणी. गॅलरी कसली, वाण्याचं गोदामच! खोके मात्र पुठ्ठ्याचे नव्हते, प्लायवूडचे होते; वर सिल्कस्क्रीनने, म्हणजे जाळीतून रंग दाबून, अक्षरं छापलेली. डँटो तिथे अडकला. दुकानातला खोका आणि हा दिसायला सारखेच, मग हाच तेवढा कला कसा? नुसत्या डोळ्यांना ते कळणार नाही, असं त्याने त्याच वर्षी ‘द आर्टवर्ल्ड’ या निबंधात लिहिलं. त्यासाठी कलेचा इतिहास आणि सिद्धांत ठाऊक असावे लागतात. (दुकानातला खोका जेम्स हार्वीने डिझाइन केलेला. तो स्वतः अमूर्त चित्रं काढायचा, खोके पोटासाठी. मला त्याचंच वाईट वाटतं.)

यातून तुझे वर्गमित्र ‘म्हणजे काहीही कला’ एवढंच उचलतात, तुझा वैताग समजतो. पण डँटो सिद्धांत मांडून घरी बसला नाही. १९८४ पासून पंचवीस वर्षं ‘द नेशन’ या अमेरिकन नियतकालिकात प्रदर्शनांवर लिहीत राहिला. कलाकृतीला काय म्हणायचंय, आणि ते तिच्या अंगात कसं उतरलंय, हे त्याचे दोन प्रश्न. दुसरा प्रश्न ज्याने लाकूड कोरलंय त्याला जास्त नीट विचारता येतो, असं आपलं माझं मत.

अमूर्त चित्रकार गायतोंडेंवरच्या तुझ्या लेखात पहिल्या प्रश्नाला तीन पानं आहेत. ‘मौन’ हा शब्द मी मोजला, नऊ वेळा. रंग रोलरने फिरवलाय की पॅलेट नाइफने खरवडलाय, याबद्दल एक ओळ नाही. आणि तू स्वतः रंगात हात घालतेस!

रविवारी गायतोंडेंचं चित्र बघायला परत जा. शेजारची पाटी न वाचता पंधरा मिनिटं चित्रासमोर उभी राहा, मग ती तीन पानं पुन्हा लिहून पाठव. एम. ए.चं दिवाळीनंतर बोलू.

— सर