लकवा मारलेल्या हातासाठी डोक्यावर चुंबक लावतात, म्हणजे शॉक देतात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना पाच दिवसांपूर्वी लकवा मारला, उजवा हात हलत नाही, आणि डॉक्टर चुंबकाच्या यंत्राने मेंदू तपासायचं म्हणतात. आई शॉकच्या भीतीने नको म्हणतात. आधी आईंना सांगा, हा शॉक नव्हे. मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. शिकत असताना हे यंत्र मी स्वतःच्या डोक्यावर लावून घेतलंय.

स्नायूतले वीजसंकेत टिपून स्क्रीनवर दाखवायला अंगठ्याच्या मुळाशी दोन चकत्या चिकटवल्या, कानात बोळे घातले आणि आठच्या आकड्यासारखं तारेचं वेटोळं डाव्या कानाच्या वर, टाळूकडे धरलं. टक् असा आवाज आला, डोक्याला कुणी टिचकी मारल्यासारखं वाटलं, आणि मांडीवर निवांत पडलेला माझा उजवा अंगठा उडाला. मी हलवलाच नव्हता! मग अंगठा थोडा आवळून धरायला सांगितलं, तर चुंबकाच्या तेवढ्याच ठोक्याला स्क्रीनवरची स्नायूची लाट कितीतरी मोठी आली. आपण हालचाल करत असतो तेव्हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशी आधीच तयारीत असतात, म्हणून.

वेटोळ्यातून काही हजार अँपिअरचा प्रवाह एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळ जातो. त्याचं चुंबकीय क्षेत्र कवटीतून सहज आत शिरतं, आणि ते झपाट्याने बदलत असल्यामुळे मेंदूच्या वरच्या थरात अगदी थोडी वीज तयार होते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं हेच तत्त्व शाळेत शिकवतात. 1980 मध्ये मर्टन आणि मॉर्टन या शास्त्रज्ञांनी टाळूवरून थेट वीज देऊन हात हलवून दाखवला होता, पण ते फार दुखायचं. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच काम चुंबकाने, न दुखवता केलं. (जत्रेत लकव्यावर म्हणून चुंबकाचे पट्टे विकतात, त्यात पैसे घालू नका. त्या चुंबकाचं क्षेत्र बदलत नाही, त्यातून वीज कुठून येणार?)

आता वडिलांचं. मेंदूने दिलेला हुकूम हाताच्या स्नायूपर्यंत साधारण 20 ते 25 मिलिसेकंदांत पोचतो. लकव्यात ही वाट कुठे तुटली, कुठे उरली, हे नुसतं बघून कळत नाही. औशाकडच्या एका शेतकरी काकांचं एक बोटही हलत नव्हतं, पण चुंबकाचा ठोका दिला की स्क्रीनवर बारीकशी लाट उठायची. म्हणजे वाट थोडी का होईना शाबूत होती. चार महिन्यांनी त्यांनी त्याच हाताने भाकरी मोडली. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही, पण पहिल्या आठवड्यात लाट दिसणं हे हातासाठी चांगलं लक्षण आहे. नाही दिसली तर बोटांची बारीक कामं परत येणं अवघड जातं, तरी व्यायाम सोडायचा नाही. चालणं बऱ्याचदा सुधारतं.

वडिलांच्या डोक्यात ऑपरेशनची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशनने बसवलेलं यंत्र) किंवा छातीत पेसमेकर असेल, कधी फिट आली असेल, तर आधीच सांगा. जुनी कागदपत्रं सोबत न्या. आणि त्या दिवशी हाताला तेल चोळू नका, चकत्या चिकटत नाहीत.