फिलिपिन्सच्या टीव्हीवरचे कलाकार टागालोग सोडून इंग्रजी का बोलतात?
निव्वळ इंग्रजी तशी कमीच; बहुतेक वेळा ती ‘टॅगलिश’, म्हणजे टागालोग आणि इंग्रजीची खिचडी असते. टागालोगचा ‘नाग’ हा उपसर्ग शॉपिंगला चिकटवला की झालं ‘नाग-शॉपिंग’, म्हणजे खरेदी केली. आपण ‘शॉपिंग केलं’ म्हणतो ना, तसंच.

मूळ शाळेत आहे. १८९८ ते १९४६ अमेरिकेची सत्ता. १९०१ पासून सरकारी शाळांत शिकवणंच इंग्रजीतून. १९८७ च्या राज्यघटनेतही फिलिपिनोच्या (टागालोगवर बेतलेली राष्ट्रभाषा) जोडीला इंग्रजी आहेच. त्यात कित्येक तारे मनिलाच्या महागड्या शाळांतले किंवा थेट अमेरिकेत वाढलेले, त्यांच्या घरातच इंग्रजी. थोडी ऐटही असते म्हणा! असल्या नखरेल बोलण्याला तिथे ‘कोन्यो’ म्हणून चिडवतात. रात्रीच्या मालिका आणि मुख्य बातम्या मात्र टागालोगमध्येच चालतात.