फोर्कलिफ्टला बीकन आणि ब्लू लाइट लावणं सक्तीचं आहे का?

तुमचा प्रश्न असा की चाकणला तुमच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये 3 बॅटरी फोर्कलिफ्ट आहेत, कस्टमरच्या ऑडिटरने प्रत्येकीवर बीकन (वर बसवलेला फिरता पिवळा दिवा) आणि ब्लू लाइट लावा असा पॉइंट काढलाय आणि मॅनेजर म्हणतोय कायद्यात कुठे लिहिलंय ते दाखव. मी याच पट्ट्यात 14 वर्षं सेफ्टीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मॅनेजरला 1948 च्या फॅक्टरी अॅक्टचं कलम 17 आता दाखवू नका, नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी ओएसएच कोड, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य यांची 2020 ची संहिता, लागू झालाय. आम्ही सगळे त्या जुन्या कलम 17 वरच शिकलो. माणसं जिथे काम करतात किंवा जिथून ये-जा करतात तिथे पुरेसा उजेड हवा, आणि डोळ्यावर तिरीप येऊन किंवा सावली पडून अपघात होईल अशी स्थिती नको, असं त्यात होतं. अमेरिकेत ओशाचा (तिथली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियम आकड्यात आहे, प्रत्येक चौरस फुटाला 2 लुमेनपेक्षा कमी उजेड असेल, म्हणजे साधारण 22 लक्सच्या खाली, तर गाडीवर स्वतःचा हेडलाइट पाहिजेच. बीकनचं नाव मात्र ओशाच्या त्या नियमातही नाही, तिथेही तुमच्या जागेत धोका काय आहे ते बघूनच ठरवावं लागतं. त्यामुळे "कुठे लिहिलंय" यापेक्षा तुमच्या स्टोअरमध्ये माणूस आणि गाडी समोरासमोर कुठे येतात हे आधी बघा.

हे मी इतकं धरून का बोलतोय, तर एका प्लांटमध्ये रात्रपाळीला माझ्यासमोर झालंय. गाडीवर बीकन होता, चालू होता, रिव्हर्स हॉर्नपण वाजत होता. पण तीन गाड्यांचे पिवळे दिवे रॅकवर आणि छतावर एकत्र फिरत होते, हॉर्न तर दिवसभर कुठून ना कुठून चालूच, त्यामुळे पॅकिंगचा पोरगा दोन रॅकमधून बाहेर आला तेव्हा गाडी नेमकी कुठल्या बाजूने येतेय हे त्याला कळलंच नाही. फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात, त्यामुळे वळताना गाडीचा मागचा भाग झपकन बाहेर येतो. चाक पायावरून गेलं, पोराची दोन बोटं गेली. बावीस वर्षांचा होता. दिवा होता पण त्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हता, हे मी तेव्हापासून विसरलो नाही.

म्हणून ब्लू स्पॉट, म्हणजे ऑडिटरने सांगितलेला तो ब्लू लाइट. तो गाडीच्या पुढे फरशीवर निळा ठिपका टाकतो, गाडी रॅकच्या आड असली तरी ठिपका आधी बाहेर येतो. पण बसवणारे लोक कुठेतरी 2-3 मीटरवर पाडून मोकळे होतात. गाडी ताशी 10 किमीने चालली तर सेकंदाला पावणेतीन मीटर जाते, समोरच्याला भानावर यायलाच एक सेकंद लागतो, वर माल घेऊन ब्रेक लागायला अंतर लागतं ते वेगळंच. आम्ही 5-6 मीटरवर ठेवतो. आणि एक मागेसुद्धा हवाच, कारण उंच पॅलेट असलं की समोरचं दिसत नाही आणि ऑपरेटर गाडी रिव्हर्समध्येच चालवतो. डॉकवर दुपारच्या उन्हात मात्र हा ठिपका दिसत नाही, तिथे बीकनच कामाचा. बीकन असा बसवा की त्याचा झोत ऑपरेटरच्या डोळ्यात येणार नाही, हेडलाइटही जरा खाली झुकवा नाहीतर समोरून चालत येणारा माणूस आंधळा होतो.

आता वायरिंग, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. बाहेरचा इलेक्ट्रिशियन 12 व्होल्टचा स्वस्त दिवा आणतो आणि 48 व्होल्टच्या बॅटरीतल्या 6 सेलवरून टॅप मारून देतो. एकूण 24 सेल, त्यातल्या त्याच 6 रोज जास्त उतरतात, काही महिन्यांनी हायड्रोमीटर लावला की त्यांचीच ग्रॅव्हिटी (आतल्या अॅसिडची घनता) खाली आलेली दिसते, आणि बॅटरीची किंमत तुम्हाला माहितीये. पूर्ण व्होल्टेजवर चालणारा एलईडी घ्या किंवा कन्व्हर्टर लावा, आणि वेगळा फ्यूज टाका. ओव्हरहेड गार्डला भोक पाडू नका, वेल्डिंग तर अजिबात नको, वरून माल पडला तर ऑपरेटरचं डोकं तोच वाचवतो. क्लॅम्पवर बसवा आणि गाडीच्या कंपनीकडून लेखी परवानगी घेऊन ठेवा, ऑडिटर तीही मागतो.

शिफ्ट सुरू होताना ऑपरेटरच्या चेकलिस्टमध्ये दिव्यांची ओळ टाका आणि दिव्याच्या काचेवरची धूळ पुसायला सांगा, आमच्याकडे निम्मे "बंद" दिवे पुसल्यावर चालू निघाले.

आणि पेंट-थिनरच्या खोलीत जाणारी गाडी असेल तर यातलं काहीही बाजारातून आणून लावू नका, तिथे पेसोची (स्फोटक आणि ज्वलनशील मालाची सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता असलेला फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटणार नाही असा, दिवाच लागतो आणि गाडीसुद्धा त्याच जातीची लागते.