महायुद्धातले पाणसुरुंग इतक्या वर्षांनी फुटतात का, की गंजून निकामी झाले?

फुटू शकतात, गंज पत्र्याला खातो, आतली दारू बहुधा शाबूत राहते. तळाशी पडलेल्या चुंबकीय (जहाजाच्या लोखंडाचं चुंबकत्व ओळखून फुटणाऱ्या) सुरुंगांच्या बॅटऱ्या केव्हाच संपल्या, पण जुन्या शिंगवाल्या (अंगावर शिंगांसारखी टोकं असलेल्या) सुरुंगाला तयार बॅटरी लागायचीच नाही. त्याच्या शिशाच्या मऊ शिंगात आम्लाची काचेची नळी असते. जहाज आदळलं की शिंग वाकतं, नळी फुटते, आम्ल खालच्या पट्ट्यांवर सांडतं आणि तिथल्या तिथे वीज तयार होते. इतकं साधं, की बिघडायला फारसं काही नाहीच! म्हणून बाल्टिक समुद्रात, एस्टोनिया-लाटवियाच्या किनाऱ्यांवर, नौदलं अजून सोनारने (ध्वनिलहरी सोडून शोधणाऱ्या यंत्राने) तळ धुंडाळतात आणि सुरुंग सापडला की दुरून चालवायचं यंत्र पाठवून शेजारी छोटा स्फोट करून तो उडवतात. त्याचीही किंमत असते: ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीजवळ फेहमार्न बेल्ट या सामुद्रधुनीत ४२ ब्रिटिश सुरुंग उडवले, नंतर किनाऱ्याला लागलेल्या काही मृत पॉरपॉइजांच्या (डॉल्फिनसारख्या छोट्या सागरी प्राण्यांच्या) अंगात स्फोटाच्या इजा सापडल्या. मात्र साफ केलेल्या मार्गावरून नुसतं जाणाऱ्या जहाजाने घाबरायचं कारण नाही. नकाशावरची जुन्या सुरुंगांची सूचना मुख्यतः नांगर टाकणाऱ्यांसाठी आणि तळाशी जाळं ओढणाऱ्यांसाठी असते.